स्वस्त बँजो पुन्हा पुन्हा बिघडतो? तारा बदलण्याआधी हे तपासा

तक्रार साधारण अशी असते. दीडशे-दोनशे डॉलरचा, किंवा भारतात ऑनलाइन मागवलेला पाच तारांचा बँजो. सुरुवातीला बरा वाजतो. मग हळूहळू आवाज पत्र्याच्या डब्यासारखा होतो, तिसरी तार झणझणायला लागते आणि सातव्या पडद्याच्या (फ्रेटच्या) पुढे एक स्वर जागेवर बसत नाही. कोणीतरी सांगतं, तारा बदल. नव्या तारांनी चार दिवस चकाकी येते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग उंच घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) बसवून होते, बोटांत घालायची महागडी नखं घेऊन होतात, आणि शेवटी ‘स्वस्तातलं वाद्य, असंच वाजणार’ म्हणून बँजो कपाटावर जातो.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा हा प्रकार आहे. स्वस्त बँजो वाईट वाजतो तो बहुधा सैल असतो म्हणून. कारखान्यातून निघताना त्याची नीट जुळणी झालेलीच नसते, कारण तेवढा वेळ त्या किमतीत बसत नाही. आणि एकदा जुळवूनही तो पुन्हा बिघडतो, कारण नक्की काय हललं हे न बघता जे हाताला लागेल ते आपण पिळतो.

मी बोलतोय तो अमेरिकन बँजो. गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो बटणांचा बँजो वेगळ्या कुळातला; तो जपानच्या ताइशोगोतो या वाद्यातून आला. पाच तारांच्या बँजोचं मूळ पश्चिम आफ्रिकेत, गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या हातून तो अमेरिकेत पोचला. मी राहतो त्या नॉर्थ कॅरोलायनात त्याची घरोघर वर्दळ. तीन बोटांनी वाजवायची शैली जगभर नेणारे अर्ल स्क्रग्ज याच राज्यातल्या क्लीव्हलँड काउंटीत १९२४ साली जन्मले. आपल्याकडे अलीकडे कुतूहल वाढलं त्यात अमेरिकन बँजोवादक बेला फ्लेकने झाकीर हुसेन आणि बासरीवादक राकेश चौरसियांबरोबर जे वाजवलं त्याचा वाटा असावा. ते ऐकून कोणी स्वस्तातला बँजो मागवला आणि घरी तो तसा वाजेना, तर दोष फक्त हातांचा नसतो.

सतार-तंबोऱ्याची सवय असलेल्याला हे वाद्य पटकन कळतं. सर्वसाधारण जुळणीत पेटीची पांढरी पाच (ट्यूनरवर G) हा सा धरा: तिसरी तार सा, दुसरी ग, पहिली प, चौथी खालचा प. पाचवी आखूड तार पाचव्या पडद्यापासून सुरू होते आणि तार सा धरून राहते. काम सगळं चिकारीचं. फरक इतकाच की घोडी लाकडी तबलीवर नाही, ढोलासारख्या ताणलेल्या पानावर उभी असते. आणि ती तिथे चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या दाबाने टेकलेली असते. बँजोची निम्मी दुखणी या दोन गोष्टींतून निघतात.

आधी तीन मापं घ्या

पाना हातात घेण्यापूर्वी एक फूटपट्टी, एक पेन्सिल आणि मोबाइलवरचा ट्यूनर एवढं जवळ घ्या. बँजो सुरात लावा. नंतर तीन गोष्टी मोजून कागदावर लिहा.

पहिलं, हेडचा सूर. हेड म्हणजे वरचं गोल पांढरं पान. ढोल पथकात पान म्हणतात तेच. पूर्वी वासराचं कातडं असायचं, आता बहुतेक पॉलिएस्टरचं. तारांखाली आणि वरून एक फडकं गुंडाळा म्हणजे त्या गप्प राहतील. पेन्सिलीच्या खोडरबरच्या टोकाने, घोडीपासून दूर, कडेपासून दोन बोटं आत ठोका. स्वर ओळखा.

दुसरं, बाराव्या पडद्यावर तार किती उंच आहे ते. पडद्याच्या माथ्यापासून तारेच्या बुडापर्यंत. ३ मिलिमीटरच्या थोडं वर, म्हणजे एक इंचाचा आठवा भाग, हे चांगलं माप. स्वस्त बँजो साडेचार-पाचला येतात आणि बोटं सोलून निघतात.

तिसरं, घोडीची जागा. वरच्या खाचांच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंतचं अंतर मोजा. तेवढंच अंतर बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंत हवं, किंचित जास्त चालेल. नेहमीच्या मोठ्या बँजोत पूर्ण लांबी सव्वासव्वीस इंच असते, पण छोटे बँजोही मिळतात, म्हणून आपल्या वाद्याचंच माप घ्या.

पुढच्या वेळी तक्रार आली की हीच तीन मापं पुन्हा घ्यायची. हेडचा सूर उतरलाय आणि तारही खाली आली आहे, तर हेड सैल पडलं आहे: पान खचलं की घोडी खचते, घोडी खचली की तारा पडद्यांना टेकून झणझणतात. इथे लोक हमखास उंच घोडी बसवतात. झणझण जाते, पण हेड सैल ते सैलच, आवाज मेलेलाच. उलट हेडचा सूर तोच आहे आणि तार वर चढली आहे, तर मान हलली आहे. हेड कितीही पिळा, उपयोग नाही. दोन्ही मापं जशीच्या तशी आणि तरी वरचे स्वर चुकतात, तर घोडी सरकली. तिन्ही ठीक असून आवाज फुटतोय, तर काहीतरी ढिलं वाजतंय. निदान एवढ्यावर बऱ्यापैकी होतं.

हेड

नव्वद टक्के आवाज इथे आहे असं मला वाटतं. टक्केवारी मोजलेली नाही, पण दुसऱ्या कुठल्याही दुरुस्तीने एवढा फरक पडलेला मी पाहिला नाही.

११ इंची हेडला ठोकल्यावर काळी चारच्या (G♯) आसपास स्वर आला पाहिजे, म्हणजे सा धरलेल्या पांढरी पाचच्या अर्धा स्वर वर. पांढरी पाच आला तर जरा मऊ, पांढरी सहा (A) आला तर कडक आणि चमकदार. दुकानातून आलेला स्वस्त बँजो यापेक्षा बराच खाली सापडतो, कधी कधी तर स्वर ओळखूच येत नाही, नुसतं थप्प होतं. ते थप्प म्हणजेच तुमचा ‘मेलेला आवाज’.

कानावर भरवसा नसेल तर फूटपट्टीची युक्ती आहे. पट्टी उभ्या धारेवर, घोडीच्या अगदी शेजारी, हेडवर आडवी ठेवा. तारांच्या दाबाने हेड मध्ये थोडं दबलेलं असतं, त्यामुळे घोडीपाशी पट्टीखाली फट दिसते. अमेरिकन पंचवीस सेंटचं नाणं १.७५ मिलिमीटर जाड असतं. तेवढी फट ठीक. त्यात दोन नाणी जात असतील तर हेड सैल आहे. ड्रमवाल्यांचं ताण मोजायचं डायल मिळालं तर ८८ ते ९१ आकडा यावा. पण ते विकत घ्यायची घाई नको.

आता ताणायचं कसं. मागे लाकडी रेझोनेटर, म्हणजे पाठीचं झाकण, असेल तर स्क्रू काढून तो बाजूला करा. घोडीच्या पायांभोवती हेडवर पेन्सिलीने बारीक खूण करा, म्हणजे ती पडली तरी जागा हरवणार नाही. तारा अर्धा-एक स्वर उतरवा, पूर्ण सैल करू नका.

कडेने जे हूक आहेत त्यांचे नट मागच्या बाजूने दिसतात. मागून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवलं की आवळतं. पहिला हूक मानेजवळचा धरा आणि मग समोरासमोर जा: २४ हूक असतील तर एक, तेरा, सात, एकोणीस, पुढे सरकून दोन, चौदा, आठ, वीस. प्रत्येक नटला एका वेळी फक्त एक अष्टमांश फेरा. त्याहून जास्त नाही. तबल्याला हातोडी मारताना एकाच घरावर सगळा राग कोणी काढत नाही, इथेही तोच नियम.

पहिल्या फेरीतच कळेल की काही नट बोटाने फिरतात आणि काही जाम आहेत. बोटाने फिरणारे सगळे आधी एकसारखे घट्ट करा, मग मोजून फेरे द्यायला लागा. एक फेरी पूर्ण झाली की प्रत्येक हुकासमोर खोडरबरने ठोकत गोल फिरा. जिथे स्वर खाली वाटेल तिथल्या नटला थोडं जास्त. सगळीकडे तंतोतंत एकच स्वर येणार नाही, आणि मानेपाशी तर येतच नाही. जवळ आला की पुढे चला. वरच्या धातूच्या कड्याकडेही नजर ठेवा. हेडच्या पातळीपासून कड्याचा माथा सगळीकडे सारख्या उंचीवर हवा. एका बाजूला ते खाली गेलं आणि दुसरीकडे वर राहिलं, तर पान तिरकं ताणलं जातंय आणि एक दिवस तिथेच सुटणार.

दोन फेऱ्या झाल्या की थांबा. तारा सुरात आणा, वाजवा, रात्रभर ठेवा. नवं हेड पहिल्या काही आठवड्यांत ताण सोडतंच; सकाळी ठोकलंत तर स्वर थोडा उतरलेला दिसेल. त्यात बिघाड काही नाही. पुन्हा एक अष्टमांश, पुन्हा रात्रभर. असं काही वेळा केलं की ते स्थिरावतं. एका बैठकीत काळी चार गाठायचा हट्ट धरणाऱ्यांच्या हातून हूक वाकतात किंवा पान कड्यातून निसटतं. स्वस्त बँजोचे हूक मऊ असतात. नट फिरतोय पण स्वर चढत नाही असं झालं तर हूकच सरळ होत चाललाय का ते बघा.

एक अपवाद. ज्या बँजोंची अख्खी रिम, म्हणजे हेड ज्यावर ताणलेलं असतं ते गोल अंग, ओतीव ॲल्युमिनियमची आहे, त्यांना फार वर नेऊ नका. पांढरी पाचवर थांबा. त्यापुढे असा बँजो किंचाळतो. आणि ज्यांना नखांशिवाय, गाण्यामागे जुन्या डोंगरी ढंगाने वाजवायचंय त्यांनी मुद्दाम आणखी खाली ठेवावं. त्या शैलीला थोडा घुमारा लागतो.

घोडी

सोबत येणारी घोडी बहुधा नुसत्या मेपलची, जाड आणि जड. चांगली घोडी मेपलची असून माथ्यावर एबनीची पट्टी असते आणि वजन दोन-सव्वादोन ग्रॅमच्या घरात. एवढ्याशा तुकड्याने आवाज बदलतो यावर विश्वास बसत नाही, पण तारेची सगळी कंपनं हेडकडे जायचा रस्ता तोच आहे. जड घोडी रस्त्यातच ती खाऊन टाकते. स्वस्त बँजोवर पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले इथे करा. उंची बदलताना मात्र जपून: १६ मिलिमीटरची काढून साडेसतराची बसवली तर तारा वर जातील, म्हणून आधी हेड ताणून घ्या आणि मगच कोणत्या उंचीची लागते ते ठरवा.

जागा ठरवायची ती कानाने. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला नुसतं बोट टेकवून छेडा, वरच्या सप्तकातला स्वर वाजेल. मग तिथेच तार दाबून वाजवा. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी टेलपीसकडे (तारांची मागची टोकं अडकवलेली असतात तिकडे) सरकवा, उतरता असेल तर मानेकडे. पहिल्या तारेवर एकदा, चौथ्यावर एकदा. चौथीची बाजू मागे एक-दोन मिलिमीटर जास्त जाईल, घोडी तिरकी दिसेल, ते बरोबर आहे. तिसरी तार तरी थोडी चढीच राहते. सरळ घोडीवर सगळ्यांनाच हा त्रास असतो. ज्यांना तो अजिबात सहन होत नाही त्यांच्यासाठी तिसऱ्या तारेची खाच मागे सरकवलेली घोडी मिळते.

मग घोडी बाजूने बघा. मागची, टेलपीसकडची बाजू हेडला काटकोनात हवी. तारा लावताना ती हळूहळू मानेकडे झुकते आणि एक दिवस सपकन पडते. दर वेळी सूर लावून झाला की दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी सरळ करायची सवय लावा.

आणि खाचा. तारेची निम्मी जाडी खाचेत, निम्मी वर. खाच सपाट आणि रुंद झाली की तार तिच्या पृष्ठभागावर घासत कंप पावते आणि चक्क सतारीची जवारी ऐकू येते. सतारीवर त्यासाठी कारागीर घोडी तासून देतात; बँजोवर हा दोष. मोकळ्या तारेवर जवारी येते आणि पडदा दाबल्यावर जाते, तर खाच वरच्या पट्टीतली बिघडली आहे. दाबूनही राहते, तर घोडीतली. वरच्या पट्टीच्या खाचेत तार अडकत असेल, सूर लावताना टक् असा आवाज येऊन एकदम उडी मारत असेल, तर मऊ पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा. फुकटचा उपाय आहे, आणि ‘खुंट्या खराब आहेत’ म्हणून आलेल्या कितीतरी तक्रारी एवढ्यावर मिटतात.

मान

रिम हातात घट्ट धरा आणि मान हलकेच वरखाली करून बघा. काही जाणवलं, किंवा मान-रिमच्या सांध्यात कागद सरकेल इतकी फट दिसली, तर आत बघा. रेझोनेटर काढल्यावर आत एक किंवा दोन धातूच्या दांड्या आडव्या गेलेल्या दिसतील. त्यांनीच मान धरून ठेवलेली असते. दांडीच्या मानेकडच्या टोकाला आरपार बारीक भोक असतं. त्यात खिळा घालून दांडी फिरवली की सांधा आवळतो. त्याआधी टेलपीसच्या बाजूचे आतले-बाहेरचे दोन्ही नट सैल करायला विसरू नका, नाहीतर दांडी फिरता फिरता रिमच दाबली जाईल. सांधा घट्ट झाला की ते नट पुन्हा नुसते टेकतील इतपत आवळा.

हेच नट उलटसुलट फिरवून तारांची उंची कमीजास्त करायची युक्ती सगळे सांगतात. अर्ध्या मिलिमीटरपुरती ती चालते. त्यापलीकडे स्वस्त रिमचं वर्तुळ लंबगोल होतं आणि हेडचा ताण बिघडतो, म्हणजे केलेल्या कामावर पाणी. तार फारच वर असेल तर सांध्यात, तारांच्या बाजूला, पितळेची पातळ पट्टी घालून मान मागे कलती करतात. ते काम गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून करून घेतलेलं बरं.

मानेच्या आतला ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक कमीजास्त करणारी दांडी, शेवटी. पहिला आणि शेवटचा पडदा एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या पडद्यावर तारेखाली किती फट आहे बघा. जाड कागदाएवढी, ०.३ मिलिमीटरच्या आसपास हवी. नसेल तर पाव फेरा, मग एक दिवस थांबणं.

झणझण, खणखण, कुरकुर

सगळं जुळलं तरी एक ठरावीक स्वर वाजला की कुठेतरी काहीतरी थरथरतं. शोधायची पद्धत साधी: तोच स्वर एक जण वाजवत राहील, दुसरा एकेका भागावर बोट ठेवत जाईल. थरथर थांबली की चोर सापडला. एकटे असाल तर ढोपरावर आडवा ठेवून करता येतं.

आधी रेझोनेटरचे स्क्रू. मग हाताखालची धातूची पट्टी. मग सैल हूक, खुंट्यांच्या मुळाशी असलेल्या चकत्या आणि टेलपीसचं झाकण. तारांची कापलेली टोकं हेडला शिवत असली तरी खसखस येते. टेलपीस तारांना किती खाली ओढतो हेही बघा: फार वर असला तर घोडीवर दाब पडत नाही आणि आवाज पातळ येतो, फार खाली ओढला तर तीक्ष्ण होतो. कड्याला किंवा हेडला त्याने टेकता कामा नये.

घोडीच्या मागे तारांचा जो तुकडा राहतो तोही वाजतो. छेडल्यावर मागून शिट्टीसारखी किणकिण येत असेल तर त्या तारांमधून फेल्टची किंवा जुन्या कातडी पट्ट्याची एक चिंधी खालीवर विणून टाका. आणि हेडचाच घुमारा नको इतका वाटत असेल तर आतल्या दांडीवर, हेडच्या खाली, स्पंजचा किंवा मोज्याचा तुकडा खोचतात. हलका टेकेल इतकाच. ठासून भरलात तर आवाजाची आस जाते आणि दोन मिनिटांपूर्वी जिवंत केलेला बँजो पुन्हा थप्प.

तारा, खुंट्या आणि नखं

इथवर आल्यावर तारा बदला. हलका संच म्हणजे पहिली आणि पाचवी इंचाच्या ०.००९, दुसरी ०.०१०, तिसरी ०.०१३, चौथी गुंडाळलेली ०.०२०. स्वस्त रिमला यापेक्षा जाड तारा लावून काही मिळत नाही, मानेवर ओढ मात्र वाढते. तारांच्या टोकाला फासा लागतो. गिटारच्या तारांना गोळी असते. भारतात संच वेळेवर मिळाला नाही तर सतारीच्या दुकानात जा. चिकारीची ०.२३ मिलिमीटरची पोलादी तार म्हणजे बँजोची पाचवी तारच, जाडीला ०.००९ इंच. फासा सतारिये स्वतः पिळून करतात, दुकानदार पाच मिनिटांत दाखवेल.

पाचव्या तारेची खुंटी हे स्वस्त बँजोचं दुखरं ठिकाण. साध्या खुंटीत दातेरी चक्र नसतं. एक फेरा फिरवला की दांडी एक फेरा फिरते, त्यामुळे सूर लावणं म्हणजे नशिबाचा खेळ. टोकाचा स्क्रू जरा आवळा, एवढ्याने पुष्कळदा टिकते. नाहीच टिकली तर चार फेऱ्यांना एक अशी चक्राची खुंटी घ्या. घोडीनंतर पैसे घालण्यासारखी जागा हीच. बाकीच्या चार खुंट्या शक्यतो आहेत तशाच राहू द्या.

धातूची नखं बोटाला घट्ट बसवा, पातं बोटाच्या वळणाप्रमाणे वाकवा. नख तारेवर तिरकं पडलं की खरखर येते आणि तिचं खापर वाद्यावर फुटतं. उजवा हात घोडीजवळ नेला की आवाज टोकदार, मानेकडे नेला की गोल. हे फुकटात मिळणारं टोन कंट्रोल आहे, ते वापरायला हरकत नाही.

तरी पुन्हा का बिघडतो

कारण लाकूड हलतं. पॉलिएस्टरच्या हेडवर दमटपणाचा फारसा परिणाम होत नाही, पण मान आणि रिम लाकडाची. पुण्या-मुंबईला जूनमध्ये पाऊस लागला की लाकूड पाणी पितं, तारेची उंची बदलते. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा बदलते. इकडे अमेरिकेत उलट चक्र आहे. हिवाळ्यात हीटरने घरातली हवा कोरडी पडते, लाकूड आक्रसतं, पडद्यांची टोकं कडेने बोटाला टोचायला लागतात आणि काल घट्ट असलेले नट सैल होतात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर वेगळीच भर: तारा आणि हुकांना गंज. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा, आणि वर्षातून एकदा हुकांच्या आट्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडा. तेल हेडवर नको.

म्हणून त्या तीन मापांचा कागद रेझोनेटरच्या आत चिकटवून ठेवा, तारखेसकट. ऋतू बदलला की पुन्हा मोजा. पाऊस लागल्यावर तार वर गेली आणि हेडचा सूर जागेवर असेल तर हेडच्या नटांना हातसुद्धा लावायचा नाही. सांधा तपासा, ट्रस रॉडला पाव फेरा द्या किंवा सप्टेंबरपर्यंत थोडी उंच तार सहन करा. मी तर तिसराच पर्याय सुचवेन. दर ऋतूला रॉड पिळणाऱ्यांच्या माना फार दिवस सरळ राहत नाहीत.

सगळं करूनही एक गोष्ट मिळणार नाही. भारी बँजोच्या हेडखाली काशासारख्या मिश्रधातूचं जड कडं असतं, दीड किलोच्या आसपास, आणि दूरवर भेदून जाणारा तो खणखणीत स्वर त्यातून येतो. स्वस्त बँजोत एकतर ते नसतं किंवा पातळ सळई असते. नंतर बसवून घेता येईल का असं पुष्कळ जण विचारतात. रिम त्या मापाची कातावी लागते, आणि कडं व मजुरी मिळून वाद्याच्या किमतीच्या वर जातं. तेवढे पैसे असतील तर ते बाजूला ठेवा आणि पुढचा बँजो घ्या. तोवर हा काळी चारवर ताणून, चांगल्या घोडीवर वाजवा; चार-पाच जणांच्या बैठकीत कोणी किंमत विचारणार नाही.